दुसरा सर्व्हर चालतो का

डेटाबेसच्या लायसन्सचे नियम ज्यांनी लिहिले, त्यांना एकदा आमच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आणून बसवावं आणि त्यांच्याच तोंडून अर्थ वदवून घ्यावा, असं मला अजूनही वाटतं. मी तिथल्या एका सूत काढणाऱ्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक ऑपरेटर आणि दोन सर्व्हर.

ऑपरेटर माझ्याहून वयाने मोठे, नेरकडच्या तांड्यावरचे, ठेक्यावर लागलेले. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला मॅडम. पहिल्या सर्व्हरवर कारखान्याचं सगळं काम चाले. दुसरा त्याची नक्कल ठेवून उभा, पहिला बंद पडला तर हाताशी असावा म्हणून. लायसन्स एकाचंच होतं. सकाळी पाळी बदलताना पहिला सर्व्हर रडतखडत चालायचा, म्हणून उत्पादनाचे रिपोर्ट दुसऱ्यावरून काढायची सोय मी करून ठेवली. दुसराही आपलाच, त्यात विचारायचं काय, असं मला वाटलं होतं.

मग सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीची तपासणी आली. पुण्याहून एक बाई व्हिडिओ कॉलवर. आवाज गोड, प्रश्न साधे. तिने भाऊंना विचारलं, "दुसरा सर्व्हर चालतो का?"

"चालते ना मॅडम. रोज चालते."

तिने लिहून घेतलं, आभार मानले आणि कॉल संपला. आम्ही चहा प्यायला गेलो. चार दिवसांनी ईमेल आला: दुसरा सर्व्हर वापरात आहे, सबब त्याचंही पूर्ण लायसन्स घ्या, नाहीतर लेखी खुलासा करा.

साहेबांचं डोकं फिरलं. "त्याला तोंड उघडायला सांगितलं कोणी? ठेकेदाराला फोन लावा, एक तारखेपासून माणूस बदलून द्या म्हणावं." मी म्हटलं, थांबा, आधी नियम वाचते. आणि ते जाडजूड पीडीएफ घेऊन बसले. सर्व्हर किती हे मोजायचं नाही, त्यांच्या प्रोसेसरमधले कोअर मोजायचे. यंत्र एकच असलं तरी त्यात चार आभासी यंत्रं असतील तर हिशेब निराळा. एका पानावर दिलेली सूट पुढच्या पानावर तळटीप लावून काढून घेतलेली. माणसाला कळू नये म्हणूनच लिहिलं असावं, इतकं वळणावळणाचं. माझा नुसता संताप झाला. शेवटी हवी ती ओळ सापडली. दुसरा सर्व्हर नुसता उभा असेल तर त्याला वेगळं लायसन्स नको. पण त्यावरून एक रिपोर्ट जरी काढला, तर हवं.

म्हणजे भाऊंचं उत्तर तंतोतंत खरं होतं. चूक माझी होती. मी ते साहेबांना सांगायला गेले आणि सांगितलं मात्र अर्धंच, की रिपोर्टांमुळे घोळ झालाय. रिपोर्ट कोणी लावले ते त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

साहेबांनी तोड काढली. "रिपोर्ट आजच बंद करा. आणि लिहा, आमच्याकडे चालते म्हणजे ठीक आहे, चालू स्थितीत आहे. शिवाय ऑपरेटर तांड्यावरचा, त्याची बोली वेगळी, मराठी कच्ची. प्रश्नच कळला नाही त्याला. तसं लिहिलंत तर राहू दे त्याला कामावर."

हाच माणूस गेटवरच्या मराठी नोटिसा भाऊंकडून लिहून घ्यायचा. मला तिथल्या तिथे फटकारता आलं असतं. मी जागेवर आले आणि साहेब म्हणाले तसंच्या तसं लिहिलं. उलट भाषा जरा सफाईदार केली.

कंपनीने खुलासा मान्य केला. भाऊंची नोकरी राहिली. साहेबांनी मला शाबासकी दिली, आणि ती मी घेतली.

खुलाशाची एक प्रत फाईलला लावायची होती. मी प्रिंट दिली आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. परत आले तर कागद भाऊंच्या हातात. ते सावकाश वाचत होते, एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

"मॅडम, तिनं इचारलं, मले समजलं, मी खरं सांगतलं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मले मराठी येत नाही, हे तुमी कायले लिहिलं?"

"नोकरी वाचवाची होती, भाऊ."

"कोनाची?"

त्यांनी कागद फाईलला लावला, फाईल कपाटात ठेवली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्या कंपनीवर, साहेबांवर, त्या पीडीएफवर मी इतके दिवस चिडले होते. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला राग आला तो भाऊंचा. त्यांना इतकं चांगलं मराठी येत होतं, याचा.