शिवकांताअक्कांची सहा घरं

शिवकांताअक्का माणसाला नावानं हाक मारत नसत. तो ज्यासाठी पैसे साठवतोय, त्या वस्तूच्या नावानं मारत. निलंग्याच्या आमच्या गल्लीत दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी नऊच्या सुमाराला त्यांचा खणखणीत आवाज यायचा, "शिलाई मशीन हाय का घरात?" की समजायचं, अक्का कोपऱ्यावरच्या घरापाशी आल्या. दोन घरं पुढं आल्या की, "बोअर, ओ बोअर, बाहेर या." मग, "लग्न कुठं गेलं?" आणि ज्यांच्या मुलीचं लग्न दोन वर्षांवर आलं होतं त्या बाई पदराला हात पुसत बाहेर यायच्या. मी नव्यानं शाळेत नोकरीला लागले तेव्हा मी 'स्कूटी' होते. पुढं स्कूटी आली, लग्न झालं, नवऱ्यानं आणि मी मिळून दोन खोल्यांचं घर बांधलं, तेव्हापासून मी 'वरची खोली' झाले.

अक्का पोस्टाच्या बचतीच्या एजंट होत्या. घरोघरी जाऊन महिन्याचे हप्ते गोळा करायचे, पोस्टात भरायचे, पासबुकावर शिक्का मारून परत आणून द्यायचं, हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलं. साठी ओलांडली होती. अंगावर इरकल साडी, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, खांद्याला कापडी पिशवी आणि पायात शाळकरी पोरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट. चपलेनं एवढं चालणं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. नवरा लवकर गेला. एक मुलगी, ती उदगीरला दिलेली. म्हणून गल्लीतली सगळी घरं त्यांचीच होती.

त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं. "पैसा हळू चालला की घरी येतो. पळाला की दुसऱ्याच्या घरी जातो आन् तिथंच ऱ्हातो." मुदत संपायच्या आत कुणी पैसे मोडायला निघालं, की अक्का सरळ सांगायच्या, "फॉर्म संपलेत. पुढल्या महिन्यात बघू." फॉर्मांचा गठ्ठा त्यांच्या पिशवीतच असायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण महिनाभरात बहुतेकांची लहर उतरायची. जन्मात अक्का तेवढं एकच खोटं बोलल्या असतील.

अशी बाई मोबाईलवरच्या दामदुपटीच्या धंद्यात कशी अडकली, हे आजही लोक विचारतात. मी जवळून बघितलं, म्हणून मला त्यात नवल वाटत नाही. अक्कांचे गुडघे गेले होते. लातूरच्या डॉक्टरनं दोन्हींचं ऑपरेशन सांगितलं होतं. त्यातच गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं. नव्या सुना तोंडावर म्हणायच्या, "अक्का, तुमच्या पोस्टात पाच वर्षं थांबून मिळतं काय?" अक्का हसून पुढं जायच्या, पण ते त्यांना लागायचं. अशात कुणीतरी त्यांचा नंबर एका ग्रुपवर टाकला. तिथं पूजा मॅडम नावाची कुणी बाई शेअर कसे घ्यायचे ते शिकवायची. रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवायची आणि गोड हिंदीत अक्कांना 'माताजी' म्हणायची. तब्येत विचारायची, गुडघ्याला कसलं तेल लावायचं तेही सांगायची.

अक्कांनी भीत भीत पाच हजार भरले. चार दिवसांनी पाच हजार आठशे खात्यात परत आले. मग जरा जास्त भरले, तर एका दुपारी नफ्याचे म्हणून बारा हजार आले. अक्का बँकेत जाऊन पासबुक छापून आल्या आणि ते मला दाखवलं. "मोबाईलवर काय बी दिसतंय गं. पन ह्ये पासबुकात आलंय." पासबुकात आलेला पैसा खोटा कसा असेल? त्यांचं सगळं आयुष्यच पासबुकावर गेलेलं. त्यांनी ऑपरेशनसाठी ठेवलेले साडेतीन लाख तिथं घातले. गल्लीतल्या बायकांनी विचारलं तेव्हा नाही म्हणाल्या नाहीत. अक्का भरतात म्हटल्यावर सहा घरांनी भरले.

खरी सात होती. सातवी मी. माझी पोस्टातली मुदत नुकतीच संपली होती आणि वरच्या खोलीचे ऐंशी हजार अक्कांनीच माझ्या हातात आणून दिले होते. मी अक्कांना न सांगता त्यांच्या मोबाईलवरून त्या मॅडमचा नंबर घेतला, आणि नवऱ्याला न सांगता ऐंशी हजार भरले. दुप्पट झाले की एकदम सांगू, असं मनात होतं.

दोन महिन्यांनी अक्का मोबाईल घेऊन माझ्याकडं आल्या. पडद्यावर त्यांच्या नावावर अकरा लाख दिसत होते, पण काढायला गेलं की इंग्रजीत काहीतरी येत होतं. वाचून सांग म्हणाल्या. मला ते वाचायची गरज नव्हती. तसाच मजकूर आठ दिवसांपूर्वी मला आला होता. पैसे हवे असतील तर आधी दीड लाख कर भरा. अक्का हातातल्या पाटल्या चाचपत होत्या. मी म्हटलं, "अक्का, एक रुपया भरू नका. हे बुडालं." माझे बुडालेत, हे काही बोलले नाही. अक्कांनी पाटल्यांवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "माझं जाऊ दे गं. त्या सहा घरांचं काय?"

दुसऱ्या महिन्याची पाच तारीख आली, पण गल्लीत हाक आली नाही. गुडघे दुखतात असा निरोप आला. हप्ते बायकांनी स्वतः पोस्टात नेऊन भरले.

त्याच आठवड्यात औषधाला पैसे काढायला अक्का बँकेत गेल्या, तर खातं बंद. मला बोलावून घेतलं. बँकेतला अधिकारी भला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं की कंधारच्या एका माणसानं पोलिसांत तक्रार दिली आहे, त्याचे बारा हजार तुमच्या खात्यात आलेत, म्हणून नांदेडच्या पोलिसांनी खातं गोठवलंय. अक्कांना काही उमजेना. फसल्या त्या, आणि आळही त्यांच्यावरच? अधिकारी म्हणाला, "आजी, तुम्हाला नफा म्हणून जे आले ना, ते त्या माणसाचे होते. त्याला तुमच्या खात्यात भरायला लावले. तुमचे आणखी कुणाच्या खात्यात गेले असतील."

अक्कांनी पिशवीतून पासबुक काढलं. बारा हजारांच्या ओळीत बालाजी असं नाव छापलेलंच होतं. "मी कंपनीचा मानूस समजत होते," त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर बँकेच्या पायरीवर बसल्या. लाखो गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. त्या बारा हजारांसाठी रडल्या. "दुसऱ्याच्या घरचा पैसा मी नफा म्हनून पेढे आनून देवाम्होरं ठेवला."

ओळखीच्या वकिलानं सांगितलं की तुम्हीही फसलेल्या आहात असा अर्ज द्या, खातं मोकळं करून घेऊ, त्या माणसाचं तो बघेल. अक्कांनी ऐकलं नाही. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं नांदेडला गेलो. पोलिसांत अक्कांनी स्वतःची तक्रार लिहून दिली आणि त्याखाली आणखी एक अर्ज दिला, की माझ्या खात्यातले बारा हजार ज्याचे त्याला द्यावेत, माझी हरकत नाही. तिथल्या हवालदारानं आधी अर्जाकडं पाहिलं, मग अक्कांकडं. कोर्टाचा हुकूम लागेल, वेळ लागेल म्हणाला. मग त्यानंच बालाजीरावांना फोन लावून दिला. येताना आम्ही वाट वाकडी करून कंधारला उतरलो.

बालाजीराव शाळेतून निवृत्त झालेले शिपाई. किल्ल्याच्या बाजूला पत्र्याचं घर. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. पाच-सहा वेळा भरलेले मिळून चार लाख गेले होते. त्यांच्या लेखी चोर म्हणजे अक्काच, कारण पावतीवर नाव अक्कांचं होतं. आता पोलीस लागल्यावर आलात, असं ते बोलले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःचा मोबाईल त्यांच्यापुढं धरला. "दादा, ह्ये बघा. मला बी तीच बाई."

त्यांनी आपला मोबाईल आणला, चष्मा लावला. दोन्ही मोबाईल शेजारी शेजारी ठेवले. तीच मॅडम, तोच फोटो, तीच सकाळची फुलं. अक्कांना 'माताजी' लिहिलेलं, त्यांना 'पिताजी'. खाली सरकवत दोघं वाचत गेले. एके ठिकाणी बालाजीराव थांबले आणि म्हणाले, "तुम्हाला गुडघ्याला तेल सांगितलं?" त्यांना दम्याचा काढा सांगितला होता. आधी अक्का हसल्या. मग ते हसले. हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि आत वळून चहा ठेवायला सांगितलं. निघताना म्हणाले, "इतक्या दिवसांत खरं बोलनारं मानूस पहिल्यांदा दारात आलं."

परतीच्या गाडीत अक्का खिडकीशी बसल्या होत्या. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ह्या परक्या मानसाला तोंड दाखवता आलं. मग माझ्याच सहा घरांला का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी अक्कांनी बूट घातले. सहाही घरी गेल्या. जाऊन एवढंच म्हणायच्या, "मी सांगितलं मनून तू भरलंस. माझी चूक झाली. तक्रार द्यायला मी संगं येते." एका घरानं त्यांना दारातूनच फिरवलं, पोस्टातलं खातंही त्यांच्याकडून काढून घेतलं आणि गावभर सांगितलं. त्या बाईचा राग खरा आहे, एवढंच अक्का म्हणाल्या. बांगड्या विकणाऱ्या रझियाबीकडं मात्र उलटं झालं. तिनं अक्कांना हाताला धरून बसवलं आणि म्हणाली, "बोले तुमने अक्का, पन बटन तो मैंच दबाई ना."

सहा घरं करून संध्याकाळी अक्का माझ्याकडं आल्या. पाय सुजले होते. मी गरम पाणी दिलं, चहा केला. त्या एकेका घरचं सांगत होत्या आणि मी ऐकत होते. सांगायची ती वेळ होती. नवरा दुकानातून यायचा होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. तरी माझं तोंड उघडलं नाही. शिकलेली बाई, मुलांना शहाणपण शिकवणारी. मी त्यांना आणखी अर्धा कप चहा ओतून दिला.

त्या सालच्या मातापालक मेळाव्यात मीच अक्कांना बोलायला बोलावलं. शाळेच्या पटांगणात दीडेकशे बाया बसल्या होत्या, मुख्याध्यापक खुर्चीवर. अक्कांनी माईक हातात घेतला नाही. उभ्या राहून आपल्या आवाजात सगळं सांगितलं, पासबुकापासून कंधारपर्यंत. शेवटी म्हणाल्या, "चोराला आपल्या पैशापेक्षा आपली लाज लई कामाला येती. आपन बोलत न्हाई, मनून त्यो पुढच्या घरी जातो. हितं अजून कुनी हाय का?"

बाया एकमेकींकडं बघत होत्या. मी बाजूला हजेरीचा कागद घेऊन उभी होते. उभीच होते, म्हणून हात वर केला. "मी आहे," म्हणाले. "ऐंशी हजार."

मुख्याध्यापक माझ्याकडं बघायला लागले. मग मागून एक हात वर आला. मग भिंतीकडचा. मग डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, माझा मुलगा बोलू नको म्हणला, पन हाय मी बी. त्या दिवशी नऊ जणींनी नावं दिली. पुढं अक्का त्या सगळ्यांना घेऊन तक्रारी लिहायला गेल्या. कुणाला थोडे परत मिळाले, बहुतेकांना नाही. बालाजीरावांचे बारा हजार वर्षभरानं का होईना, त्यांच्या खात्यात गेले. अक्कांचं ऑपरेशन झालं नाही. शेवटची दोन वर्षं त्या उदगीरला मुलीकडं होत्या आणि गेल्या वर्षी तिथंच गेल्या.

पण मला त्या आठवतात त्या मेळाव्याच्या संध्याकाळी, माझ्याबरोबर घराकडं चालत येताना. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "म्हंजी त्या दिवशी मी सातव्या घरी येऊन नुसता चहा पिऊन गेले."

मी मान खाली घातली. त्यांनी विचारलं, "घरात सांगितलंस?" मी नाही म्हणाले. उद्या गावातून नवऱ्याच्या कानावर जाणारच होतं. "मग आत्ता सांग," त्या म्हणाल्या. "त्येला दुसऱ्याकडून कळू देऊ नको. मी हितंच बसते. लागलं तर हाक मार."

अक्का बाहेरच्या पायरीवर बसल्या. मी आत गेले. नवरा हिशेबाची वही मिटून पाणी पीत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वरची खोली गेली हेही सांगितलं. त्यानं तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता आवाज चढणार. त्यानं विचारलं, "किती दिवस झाले?" मी म्हटलं, पाच महिने. "पाच महिने एकटीच?" एवढंच तो म्हणाला.

मग त्याला दाराबाहेर इरकलीचा काठ दिसला. तो बाहेर गेला, वाकला, आणि अक्कांना उठायला हात दिला.

"आत या अक्का," तो म्हणाला. "बाहेर का बसलात? जेवूनच जा."