खाली उतरण्याआधी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गात फळ्यावर गणित मांडत होतो. शाळेच्या वेळात ती कधीच फोन करत नाही, म्हणून नाव दिसताच खडू टाकून बाहेर आलो. "भाऊजी, कंपनीतून फोन आलता... हे जहाजाच्या खणात उतरले म्हणे. वर आलेच नाई." पुढचं मला ऐकूच आलं नाही. आज दीड महिना झाला, पण फोन वाजला की अजूनही आधी नाव बघतो, मगच उचलतो.

दादा, माझा मोठा भाऊ, मालवाहू जहाजावर अधिकारी होता. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात नावापलीकडे समुद्र कुणी पाहिलेला नाही. त्यामुळे तो सुट्टीवर आला की लोक त्याला वादळांबद्दल आणि चाच्यांबद्दल खोदून खोदून विचारत. तो नुसता हसायचा. त्याला धास्ती होती ती बंद जागेतल्या हवेची. ओंडके भरून जहाज महिनाभर चाललं की ते लाकूड खणातला, म्हणजे माल भरायच्या बंद तळघरातला, प्राणवायू खाऊन टाकतं, ना वास ना धूर, माणूस शिडी उतरता उतरताच कोसळतो, असं तो सांगायचा. मी मुळातच भित्रा. ते ऐकल्यावर कित्येक दिवस मला धान्याच्या कोठीतही शिरवेना.

मागच्या सुट्टीत शेतातल्या विहिरीत बसवलेलं डिझेल इंजिन बंद पडलं. मी शिडीवर पाय ठेवला, तोच दादाने मागून कॉलर धरून असं ओढलं की शर्टाची दोन बटणं तुटली. "काऊन उतरून राह्यला बे? सारा धूर खालीच हाये!" संध्याकाळपर्यंत त्याने कुणाला विहिरीत डोकावू दिलं नाही. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून जहाजावरचा नियम सांगितला. एक जण तोंडाशी उभा राहतो, सारखी हाक मारतो, खालच्याने उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर वरच्याने आरडाओरडा करून माणसं जमवायची, पण स्वतः उतरायचं नाही.

"अन् खाली तू असला तं?" मी विचारलं.

"मी असलो तरी नाई. एकाचे दोन होतात. माही आन हाये तुले."

हीच आण त्याने वहिनीलाही घातली होती.

आणि तोच उतरला... एक खलाशी खणात पडलेला दिसला. पाठीला लावायची हवेची नळकांडी आणायला माणूस धावला होता, तेवढाही दादा थांबला नाही. दोघंही गेले. भेटायला येणारे म्हणतात, शूर होता हो. खरं सांगायचं तर मला त्याचा राग येतो. आम्हाला शपथा घालणाऱ्या माणसाला चार मिनिटं धीर धरता येऊ नये? आणि रागाच्या खाली भीती आहे, की इतकं सगळं माहीत असलेला माणूस जर गेला, तर आपली काय कथा.

गेल्या रविवारी त्याच्या सिंदी मेघे गावातल्या घरातली जमिनीखालची पाण्याची टाकी धुवायची होती. एरवी सुट्टीत हे काम तोच करायचा. पाणी उपसून दोन दिवस झाकण उघडं ठेवलं, तोंडाशी पंखा लावला, तरी उतरताना मी प्रत्येक पायरीवर थांबून श्वास घेऊन पाहत होतो. वहिनी वर दोर धरून उभी.

"भाऊजी?"

"हो."

"भाऊजी?"

"हो, हो."

कोपऱ्यात खिळ्याला त्याचा घासायचा ब्रश टांगलेला होता. दांड्याला सुतळी गुंडाळून गाठ मारलेली, त्याची ती नेहमीची घट्ट गाठ. मी तो हातात घेतला आणि गाठीवरून बोट फिरवत राहिलो.

"भाऊजी? आवाज द्या नं!"

हाक कानावर आली, पण माझं लक्ष त्या गाठीतच होतं. वरून येणारा उजेड एकदम कमी झाला. मान वर केली तर वहिनीचा पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता.

"वहिनी, उतरू नोका!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. तोवर ती दुसऱ्या पायरीवर आली होती.