भट्टीचं दार

मिरजेला गाडीत बसलो तेव्हा मी रागात होतो, हे आधीच सांगून टाकतो. कचरा जाळायच्या भट्ट्यांचे नकाशे काढण्यात माझी सारी हयात गेली. निवृत्तीनंतर काढलेली शेवटची भट्टी नागपूरच्या पुढे, खाप्याच्या अलीकडच्या एका गावाबाहेर गेल्या वर्षी उभी राहिली. आणि आता ती चालवणाऱ्या बचतगटाच्या सुनंदाबाईंचा फोन आला होता, "साहेब, भट्टी काळा धूर सोडून राहिली. शुक्रवारी तपासणीवाले येऊन राहिले. धूर दिसला तर कुलूप लावतो म्हणे."

भट्टीवर नऊ बायका काम करतात. कुलूप लागलं तर नऊ घरांची पंचाईत, आणि माझ्या कामाला बट्टा लागणार तो वेगळाच. भट्टी निर्दोष आहे, बायकाच ओला कचरा कोंबत असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. निघताना बायको स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा चिवड्याचा डबा काढत होती. तिथूनच म्हणाली, "आधी ऐकून घ्या, मग बोला." मी चपला घालत होतो.

गाडीत रात्र काढली. माझी उंची सहा फूट एक इंच, त्यामुळे बर्थवरून पाय वाटेत लोंबतात आणि येणारा-जाणारा धडकतो. एक चहावाला तर म्हणाला, "काका, पाय घरी ठेवून यायचे की." दुसऱ्या दिवशी बडनेरा मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना कापसाची शेतं लागली. वेचणी चालू होती, बायकांच्या कमरेच्या ओट्या फुगलेल्या दिसत होत्या. नागपूरला उतरून हुडकेश्वरला मावसभावाकडे मुक्काम टाकला. सकाळी वहिनींनी सांबारवडी (कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी, इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात) आणि कढी पुढे ठेवली. मी चार खाल्ल्या. चौथी नको होती, पण वहिनींपुढे चाललं नाही.

बसने सावनेर, तिथून काळीपिवळी. रस्त्याला कोळशाचे ट्रक, कडेच्या झाडांच्या पानांवर काळी धूळ, मध्येच संत्र्यांचा ढीग लावून बसलेलं एखादं कुटुंब. ड्रायव्हरने विचारलं, "कुठं जाऊन राहिले काका?"

"कचऱ्याच्या भट्टीवर."

"ते धूरवाली? मग लवकर जा. शुक्रवारी बंद होऊन राहिली ते."

शेताआडून चिमणी दिसली, आणि तिच्यातून निघणारा काळा धूर. ऐकणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं.

सुनंदाबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेल्या. म्हणाल्या, "आधी चहा घ्या."

"चहा राहू द्या. ओला कचरा टाकता ना आत?"

"नाही जी. ओलं आम्ही वेगळं काढतो." त्यांनी खड्डा दाखवला. संत्र्याची सालं, भाजीचे देठ, सगळं त्यात होतं. भट्टीजवळच्या पोत्यांत हात घालून पाहिला. खडखडीत कोरडं.

मग मी हवेचे नळ तपासले, चिमणी तपासली. ही भट्टी म्हणजे दोन खोल्यांचं घर समजा. पहिल्या खोलीत कचरा जळतो, त्याचा धूर दुसरीत जातो आणि तिथे तो धूरच जळतो. सगळं जागच्या जागी होतं. तेवढ्यात कचरा टाकायची वेळ झाली. दोघींनी मिळून लोखंडी दार वर सरकवून धरलं, बाकीच्यांनी भराभर चार पोती आत रिकामी केली, दार धाडकन खाली आलं. चिमणीने लगेच काळा लोट सोडला.

"एवढं एकदम टाकतात का? चुलीत एकदम जळण कोंबता का तुम्ही? थोडं थोडं टाका, असं लिहून दिलं होतं!"

"वाचलं जी," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुम्हीच टाकून दाखवा ना एकदा."

मी बाह्या वर केल्या. दर पाच मिनिटांनी एका हाताने दार वर सारायचं, दुसऱ्या हाताने अर्धं पोतं टाकायचं, दार सोडायचं. तासाभरात धूर विरळ झाला, मग दिसेनासा झाला. मला इतका आनंद झाला की तोंडाला आवर राहिला नाही. म्हणालो, "पाहिलंत? खोट भट्टीत नाही, टाकणाऱ्याच्या हातात आहे."

सुनंदाबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दार वर सारलं. ते अर्धं उघडेपर्यंतच त्यांच्या टाचा उचलल्या गेल्या आणि दाराला दुसरा हातही लावावा लागला. भट्टीचं तोंड माझ्या छातीशी येत होतं, त्यांच्या कपाळाशी.

"हे घडीघडी उचलणं आम्हाले होत नाही, म्हणून एकदम टाकतो. हे दार कोणासाठी केलं जी?" त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठीच केलं वाटते."

नकाशा काढताना दाराची उंची कशी ठरवली, ते तेव्हा आठवलं. घरातल्या माझ्या खोलीच्या भिंतीशी उभा राहिलो, हात पुढे केला आणि पेन्सिलीने खूण केली. माझ्याच हाताची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. मागं फोन केला तं म्हटलं, दार आम्हाले जड जाते, उंच होते. तुम्ही म्हणाले, होईल सवय."

म्हणालो असेन. मी त्या नऊजणींपुढे हात जोडले आणि म्हणालो, माझं चुकलं. मग चहा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. दार खाली आणता येत नव्हतं, म्हणून जमीनच वर आणली. भट्टीपुढे विटांचा ओटा बांधला, त्यावर चढायला उतार केला. ओट्याची उंची ठरवायला या वेळी खडूची खूण सुनंदाबाईंच्या कोपराशी केली. विहिरीवरची जुनी कप्पी दाराच्या वर लावली, दाराला बांधलेली साखळी तिच्यावरून घेतली आणि दुसऱ्या टोकाला वजन बांधलं. मग दार एका हाताने वर जायला लागलं.

शुक्रवारी तपासणीवाले साहेब जीपमधून उतरले आणि चिमणीकडे बघत राहिले. "आज भट्टी बंद ठेवली का?"

"चालू आहे जी, सकाळपासून," असं म्हणून सुनंदाबाईंनी दार वर सारून दाखवलं. आतला जाळ पाहून साहेब दोन पावलं मागे सरले. कुलूप त्यांनी आणलं होतं, ते जीपमधूनच परत गेलं.

निघताना सुनंदाबाईंनी पिशवीभर संत्री दिली. "मले वाटलं होतं, तुम्ही भांडून जाल," त्या म्हणाल्या. तसाच आलो होतो, हे मी कबूल केलं.

घरी पोचलो तेव्हा बायको स्टुलावर उभी होती, वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढत. हे स्वयंपाकघर मीच आखलं. एकतीस वर्षं झाली.

"फळी उंच होते का गं तुला?"

"होते की," ती डब्याकडे बघतच म्हणाली. "पण आता सवय झालीय."

मी संत्र्यांची पिशवी खाली ठेवली. तिला म्हणालो, "खाली उतर. भिंतीशी उभी राहा आणि हात वर कर. टाचा उचलू नकोस." आणि खिशात पेन्सिल शोधायला लागलो.