लाल बटण

"आधी पाहायचं, मग दाबायचं."

अमेरिकेतल्या आमच्या रेडमंडच्या ऑफिसात हे वाक्य मी दिवसातून चार वेळा तरी ऐकायची. म्हणणारे गृहस्थ नागपूरचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायची. मी कोड लिहायची आणि ते टेस्ट करायचे, म्हणजे माझ्या चुका काढण्याचा त्यांना पगार मिळायचा.

त्यांच्या पायाला भिंगरी होती. मीटिंगमध्ये आम्ही सगळे बसलेले आणि हे खिडकीपाशी येरझाऱ्या घालताहेत, बाहेरच्या पावसावर लक्ष ठेवल्यासारखे. लिफ्टचं बटण दाबण्याआधीसुद्धा ते बोट हवेत धरून क्षणभर थांबत. मी पुण्याची, मला गप्प बसवतंय कुठं!

"दादा, लिफ्टच आहे हो. उडणार नाही."

"अगं, दाबल्यावर मग काही करता येत नाही नं."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याकडे नुसतं पाहून आपल्याला दम लागतो.

त्यांना एका जपानी कंपनीचं वेड होतं. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती. गाडी बिचारी बाहेर भिजायची. आत फळ्यांवर त्या कंपनीचे रेडिओ, टेपरेकॉर्डर, व्हीसीआर, भात शिजवायचं एक भांडंसुद्धा. सगळं गॅरेज सेलमधून, म्हणजे लोकांनी दारात विकायला मांडलेल्या जुन्या सामानातून, वेचून आणलेलं. पाहुणा आला की इतिहास सुरू. युद्धात जळलेल्या गावात तीन मित्र एका गळक्या शेडमध्ये लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचे. मग स्वतःचा रेडिओ केला, मग टेप, मग टीव्ही. "आन् आता गाड्यांच्या बॅटऱ्या बनवते. टेपचा साधा रबरी पट्टा मागितला तं म्हणे, ते आम्ही कधीच बंद केलं." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू सख्ख्या भावानं ओळख दाखवली नाही.

एकदा त्यांनी मला कॅसेटच्या कडेचा नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा दाखवला. तो मोडून टाकला की टेपचं रेकॉर्डिंगचं लाल बटण खाली जातच नाही, म्हणजे गाणं पुसलं जात नाही. पुन्हा रेकॉर्ड करायचंच असेल तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची. "माणूस चुकणार हे त्यांनी आधीच धरलं होतं," दादा म्हणाले आणि उगाचच दाराकडे चालायला लागले.

मधल्या फळीवर सगळ्यात जुना टेपरेकॉर्डर होता. आखातातून परतलेल्या एका माणसाकडून त्यांच्या वडिलांनी घेतलेला. पट्टा शोधून, बसवून दादांनी तो तीन वर्षांपूर्वीच चालू केला होता. शेजारी रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट. ती मात्र कधी लागली नाही.

मार्चमध्ये त्यांच्या मुलीनं हट्ट धरला. चौदा एप्रिलच्या जयंतीला तिला आजोबांचं गाणं म्हणायचं होतं. दादांनी मला शनिवारी बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा दोघं गॅरेजमध्येच होते.

"बाबा, जस्ट प्ले इट! आय नीड द वर्ड्स."

दादा फळीपासून दारापर्यंत आणि दारापासून फळीपर्यंत. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझे बाबा गिरणीत होते. जयंतीला गाणारी पार्टी होती त्यांची. हे गाणं त्यांनी स्वतः जोडलं, कुठंच लिहून नाही ठेवलं. याचं तिसरं कडवं मी पुसलं. सहा वर्षांचा होतो. लाल बटण दाबलं आन् हॅलो हॅलो करत बसलो. तेव्हाचं बाकी काही आठवत नाही. रात्री पार्टीवाले ऐकायला आले तं म्हणे, पोट्ट्यानं गाणं खाल्लं. बाबा काहीच बोलले नाही. त्याच पावसाळ्यात ते गेले."

मुलीलाही हे नवीन होतं.

"तू दाब," ते मला म्हणाले. "माझ्याच्यानं होत नाही."

मी रुमाल सोडला. तीन वर्षं कानीकपाळी ओरडून शिकवलेलं होतं, म्हणून आधी पाहिलं. कडेचा तुकडा मोडलेला होता. आणि त्या खाचेवर चिकटपट्टी होती, पिवळी पडलेली, कात्रीनं नीट कापून लावलेली.

"दादा, ही पट्टी तुम्ही लावली?"

"कोणती पट्टी?"

बघा आता. जगाला बघायला शिकवणाऱ्या या माणसानं आपली कॅसेट चाळीस वर्षं उघडून पाहिली नव्हती.

"ही नसती तर तुमचं बटण खालीच गेलं नसतं. सहा वर्षांच्या पोराला हे ठाऊक असतं का? ही मोठ्या माणसानं लावलीय."

त्यांनी कॅसेट उजेडात नेली. उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाले, "दाब."

वडिलांचा आवाज पहाडी होता. दोन कडवी झाली, खट् झालं, आणि एक पोरगं ओरडलं, "हॅलो, हॅलो, मी बोलतो!" मग थांबलं. लगेच तोच पहाडी आवाज अगदी जवळून, हसत, "बोल नं बाळा, अजून बोल. भरपूर जागा आहे."

"बाबा, इज दॅट यू?"

दादांनी भाताच्या भांड्याचं रिकामं खोकं ओढलं आणि ते त्यावर बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

जयंतीला मुलीनं दोनच कडवी म्हटली. तिसऱ्याच्या जागी तिनं ते हॅलो हॅलो लावलं.

उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात माणसं कमी केली, त्यात दादा गेले. आता ते कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतात. इथं त्यांच्या जुन्या टेबलाशी कंपनीनं दिलेली खुर्ची आहे, तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून फाटलेलं नाही. मी मात्र हल्ली कोड पाठवायच्या आधी उठते, खिडकीपर्यंत जाते आणि परत येऊन एकदा बघते. हा रोग मला त्यांनीच लावला.

परवा त्यांना फोन केला. मागून ते गाणं ऐकू येत होतं.

"काय करताय दादा?"

"काही नाही गं," ते म्हणाले. "बसलोय."