सहाव्या वर्षीची दाढ

मला एमबीबीएसला जायचं होतं. मिळालं बीडीएस. देवगाव रंगारीला घरी सांगितलं तेव्हा वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, म्हणाले, "दाताचं शिकायला एवढी सालं लागतेत व्हय?" मी म्हणाले, लागतात. खरं तर मलाही ते कोडंच होतं.

पहिल्या वर्षी आमच्याकडे रुग्ण नसतात, मेणाचे ठोकळे असतात. त्यातून चाकूने दात कोरायचा. पटाशीचा दात कसाबसा जमला, सुळाही जमला. अडले ते खालच्या पहिल्या कायमच्या दाढेवर. तिला वर पाच उंचवटे, तीन गालाकडे आणि दोन जिभेकडे, मधून खाचा आणि खाली दोन मुळं. सर माझी दाढ उजेडात फिरवून बघायचे आणि परत हातात द्यायचे. "ही दाढ नाही, ढेकूळ आहे. पुन्हा." वर्गातल्या बाकीच्यांच्या सह्या होऊन गेल्या, मी नवा ठोकळा घेऊन बसलेली. शहरात पुंडलिकनगरला घेतलेल्या भाड्याच्या खोलीत माझ्या चादरीवरसुद्धा मेणाचा चुरा असायचा. सोडून द्यावं असं खूपदा वाटलं. पण घरी जाऊन आप्पांना काय सांगणार, की मेणाने हरवलं?

मग मी पुस्तकातली चित्रं बाजूला ठेवली आणि ही दाढ मुळात घडते कशी ते वाचायला घेतलं. जबड्याच्या आत दात आधी कळीसारखा असतो, मग टोपीसारखा, मग घंटेसारखा. त्या घंटेवर कठीण थर चढत जातात, आत डेंटिन, बाहेर इनॅमल. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येतानाच संपतात, त्यामुळे ते एकदाच होतं. पहिल्या कायमच्या दाढेचं हे काम बाळ जन्मतं त्या सुमारास सुरू होतं. सहाव्या वर्षी ती दुधाच्या दाढांच्या मागे, कुणालाही न पाडता, मुकाट्याने उगवते. आणि उगवली म्हणजे पूर्ण झाली असं नाही. तिची मुळं पुढे दोन-तीन वर्षं वाढतच राहतात. हे कळल्यावर माझ्या चाकूला दिशा आली. दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी सही केली. "आता ही दाढ आहे," एवढंच म्हणाले.

दिवाळीला घरी गेले तर कापसाची वेचणी जोरात होती. दादाची मुलगी, माझी भाची, गालाला हात लावून ओट्यावर बसलेली. तिला नुकतं आठवं वर्ष लागलं होतं. चकली पुढे केली तर मान हलवली.

"दाढ दुखते," वहिनी म्हणाली. "गार पाणी बी लागू देत नाय. परवा गावातनंच काढून आणणार हायेत."

"कोण म्हणालं काढायची?"

"सगळेच. दुधाचीच हाय ना."

मी भाचीला उन्हात बसवलं, तोंड उघडायला लावलं. खालच्या डाव्या बाजूला मागे दाढेत काळा खड्डा पडला होता. मी बोटाने मोजलं. दोन पटाशीचे, एक सुळा, दुधाच्या दोन दाढा. किडलेली त्यांच्याही मागची होती. तिचे उंचवटे मोजायची गरज नव्हती, तो आकार माझ्या बोटांना पाठ होता.

"आप्पा, ही दुधाची नाही," मी बाहेरून आलेल्या आप्पांना म्हणाले. "दुधाच्या दाढा एका बाजूला दोनच असतात. ही कायमची आहे. काढली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही."

"आठ वर्षाच्या लेकराला कायमची दाढ?" आप्पा हसले. "अजून पुढचे दात पुरते पडले नायत तिचे."

"ही सहाव्या वर्षी येते. पाडून येत नाही, मागून येते, म्हणून कळत नाही. शहरात माझ्या कॉलेजात दाखवू."

दादा पाणी प्यायला आला होता. तो वैतागला. "तुझी परीक्षा तरी झाली का पहिल्या सालाची? वेचणी सोडून शहरात कोण हिंडल? पोरगी रडून रडून हैराण झालीय. काढली की सुटली."

परीक्षा झाली नव्हती, हे खरं होतं. तरी मी म्हणाले, "तुम्ही कुणी येऊ नका. उद्या मीच तिला घेऊन जाते."

"लई शहाणी झाली," आप्पा म्हणाले. आवाज चढायला लागला.

इतका वेळ वहिनी चुलीपाशी उभी होती. ती आप्पांसमोर सहसा बोलत नाही. ती पुढे आली, पदर तोंडापुढे धरून तिने मला बाजूला घेतलं आणि स्वतःचा गाल बोटाने ओढून दाखवला. खाली तिथेच, त्याच ठिकाणी, मोकळी जागा होती. मागची दाढ त्या जागेकडे कलंडली होती.

"लहानपणी काढली," ती म्हणाली. "दुधाची म्हणून. आई म्हणायची, येईल दुसरी. मी लई वर्षं वाट बघितली." मग ती वळली आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "मी जाते उद्या हिच्यासंगं. वेचणीचं दोन दिवसांनी बघते."

आप्पा टोपी घालून शेताकडे निघून गेले.

सकाळच्या एसटीने आम्ही तिघी निघालो. शहराच्या तोंडाशी पडेगाव येईपर्यंत भाची माझ्या मांडीवर झोपली होती. सुट्टीतही कॉलेजचा लहान मुलांचा विभाग चालू होता. तिथल्या मॅडमशी मी त्याआधी एकदाही बोलले नव्हते. त्यांनी एक्स-रे काढला, तो पडद्यावर मोठा केला आणि मला जवळ बोलावलं.

"मुळं बघ."

मुळांची टोकं मिटलेली नव्हती. दोन्ही खालून नळीसारखी उघडी होती.

"दाताचा गर, म्हणजे आतला रक्ताचा, नसांचा मऊ भाग, पूर्ण मेला तर मुळं इथेच थांबतील, पातळच राहतील," मॅडम म्हणाल्या. "वरचा खराब गर काढू. आत रक्तस्राव थांबला तर खालचा जिवंत आहे, तो ठेवू. नाही थांबला तर मग वेगळा विचार. खात्री देत नाही."

वहिनीने विचारलं, "वाढतील का मुळं?"

"आतून जिवंत राहिली तर वाढतील."

इंजेक्शन बघून भाचीने खुर्चीचे हात घट्ट धरले. "आत्या, तू पण थांब," म्हणाली. मी तिची पावलं धरून उभी राहिले. मॅडमनी किडका भाग काढला, वरचा गर काढला आणि कापसाचा ओला बोळा दाबून धरला. बोळा उचलला, तर खाली लालसर, शांत जागा दिसली. रक्त थांबलं होतं. मॅडमनी तिथे औषध भरलं आणि पुढच्या वेळी वर स्टीलची टोपी बसवली.

त्यानंतर दर काही महिन्यांनी तपासणी होती. पेरणी असो की लग्नसराई, वहिनी भाचीला घेऊन यायची. एकदा तापात आली, एकदा एसटी बंद होती तर दुधाच्या गाडीत बसून आली. दादा आधी कुरकुरला, मग स्वतः फाट्यावर सोडायला लागला. एका एक्स-रेत काहीच फरक दिसला नाही. परतताना वहिनी स्टँडवर म्हणाली, "वाट बघायची सवय हाय मला. पण यावेळी नुसती बसून नाय बघणार." पुढच्या वेळी ती आधीच फोन करून आली.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हाचा एक्स-रे मॅडमनी पडद्यावर लावला आणि पडदा माझ्याकडे वळवला. मुळं लांब झाली होती. भिंती जाड झाल्या होत्या, टोकं निमुळती होऊन मिटली होती. वहिनीला बोटाने दाखवलं, तर तिने पडद्यालाच हात लावला. मग डोळे पुसले आणि लगेच भाचीला दटावलं, "आता तरी ब्रश नीट करशील का?"

बाहेर येऊन मी आप्पांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हंजी मुळ्या धरल्या तर."

"धरल्या."

"बरं झालं." मग म्हणाले, "पलीकडल्या घरी एक पोरगं हाय, सात वर्षाचं. गाल सुजलाय. दुधाचीच हाय म्हणतेत. तू येशील तवा बघ."

"येईन तेव्हा नको," मी म्हणाले. "उद्याच्या गाडीत बसवा त्याला नि त्याच्या आईला. मी स्टँडवर थांबते."