तराजूत न गेलेलं पुस्तक

नेरळला आमच्या सोसायटीत येणारा रद्दीवाला पुस्तक उघडून बघत नाही, नुसतं हातात घेऊन निकाल देतो. पोथी आली की ती कपाळाला लावून टेंपोच्या पुढच्या सीटवर ठेवतो. तिचं वजन तो करत नाही.

परवा माझी बालसंगोपनाची पुस्तकं अगदी कोरी निघाली. “पोरीनं वाचूच दिली नाय वाटतं, ताई,” असं म्हणून त्याने ती हसत तराजूत टाकली.

मग लेकीचं जुनं परीकथांचं पुस्तक आलं. त्याच्या कोपऱ्यावर तिचे बारके दात उमटले होते. रद्दीवाल्याने त्यावरून अंगठा फिरवला, पुस्तक कपाळाला लावलं आणि पोथ्यांच्या सीटकडे निघाला.

“दादा, ते द्या इकडे,” मी म्हणाले. “ते नाही द्यायचं.”