तीन ओळींची बातमी

फुलसिंग आडे यांना ओळखत नाही असा माणूस दारव्ह्यात मिळणं कठीण. बावीस वर्षं ते यवतमाळच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवतात. कोणाचं पाकीट घेतलं नाही, कोणत्या पुढाऱ्याच्या पंगतीला बसले नाहीत. भांडण कोणाचंही असो, दोघांनाही विचारल्याशिवाय त्यांनी कधी ओळ लिहिली नाही.

त्यांची मुलगी बबिता अमरावतीला पत्रकारिता शिकते. एका वार्ताहराच्या बातम्या तपासायचं काम कॉलेजात मिळालं, तेव्हा तिनं बापाचंच नाव दिलं. तो चोख निघणार याची तिला खात्री होती.

दिवाळीच्या सुट्टीत ती कात्रणं आणि बापाच्या वह्या घेऊन ओट्यावर बसली. दुपारी तिनं दोन कात्रणं त्यांच्यापुढं ठेवली. एकाच आठवड्यात, एकाच वळणावर ट्रकनं दोघांना उडवलं होतं. पहिली बातमी शहरातल्या व्यापाऱ्याच्या पोराची. नाव, फोटो, तो क्रिकेट कसा खेळायचा तेही. दुसरी तीन ओळींची: 'तांड्यावरील महिला जागीच ठार.'

"बा, हे बाई कोण व्हती?"

"नाव भेटलं नसन."

बबितानं वही उघडली. त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: बसंतीबाई धावजी चव्हाण, वय एक्केचाळीस, सोयाबीन काढून परतताना, दोन पोरी.

फुलसिंगांनी ती ओळ पुन्हा वाचली. ते स्वतः त्या तांड्यावर गेले होते, नाव विचारून घेतलं होतं आणि लिहिताना स्वतःच गाळलं होतं. त्यांचा स्वतःचा जन्म बंजारा तांड्यातला.

"काहून, बा?"

मग त्यांना आठवलं. पहिल्याच वर्षी संपादक म्हणाले होते, आपल्या समाजाच्या बातम्या भरू नका, पक्षपात दिसतो. तेव्हापासून ते जपत आले. इतकं, की तांड्यातलं माणूस आलं की हात आखडायचा.

"मले वाटे, मी निष्पक्ष राहून राह्यलो," ते म्हणाले. बबिता एकेक कात्रण पुढं करत होती. एक इसम. एक मजूर. एक महिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसंतीबाईच्या नवऱ्याकडे, धावजीकडे गेले आणि सगळं सांगितलं. धावजी आत जाऊन तेच कात्रण घेऊन आला. 'महिला' या शब्दावर निळ्या पेनानं लिहिलं होतं: बसंतीबाई.

"पोरीनं लिवलं," तो म्हणाला. "मले वाटलं, पेपरात जागा पुरली नसन. तुमी आपलेच. मुद्दाम थोडीच कराल."

फुलसिंगांनी हातातला चहा खाली ठेवला.

त्याच आठवड्यात त्यांनी त्या वळणावर आजवर जीव गेलेल्या सगळ्यांची बातमी लिहिली, नावानिशी. संपादकांचा फोन आला.

"आडे, यात तांड्याचेच लोक जास्त आहेत. एकतर्फी वाटतं."

"साहेब, तिथं तेच जास्त मेले."

बातमी पाचव्या पानावर आली, एकही नाव न कापता. फुलसिंगांना मात्र ती अजून पुरती वाचवत नाही.